दोन वाजताची पूजा

मागच्या महिन्यात जेवणं झाल्यावर सूनबाईनं मोबाइल माझ्या तोंडापुढं धरला. कपाळभर गंध लावलेला एक गृहस्थ त्यात हात जोडून सांगत होता, की रात्री दोन ते चारच्या दरम्यान ज्याला रोज जाग येते त्याला देव हाक मारतोय, आणि अशा भाग्यवान माणसानं ती हाक वाया घालवू नये. "अत्या, तुमाला बी रोज दोनला जाग येतीय की ओ," सून कौतुकानं म्हणाली. मी म्हटलं, "मला लघवीला जाग येते. बंद कर तो फोन." माझा आवाज इतका चढला की नातू अभ्यास सोडून बाहेर आला. बिचारीचं तोंड एवढंसं झालं. तिचा काय दोष? माझ्या धाकट्या बहिणीची ती गोष्ट मी या घरात कधी धड सांगितलेलीच नाही. नवऱ्याला सांगितली होती, पण अर्धी, आणि त्यातला माझा भाग गाळून. आता तेही गेले आणि मलाही लपवून ठेवायला फारसं काही उरलेलं नाही, तेव्हा सगळी सांगते.

हुमनाबादला मोठ्या रस्त्यावर, बसस्टँडच्या अलीकडं आमच्या अप्पांची, म्हणजे वडिलांची, खानावळ होती. पुढं जेवणाची जागा, मध्ये स्वयंपाकघर, त्याला लागून देवघर आणि आम्ही सगळे निजायचो ती खोली, मागं परस. परसात हौद, न्हाणी आणि भांडी घासायचा मोठा दगड. सकाळी नऊला अव्वा, म्हणजे आमची आई, आणि दोन बायका भाकऱ्या थापायला बसत ते दुपारी तीनपर्यंत. तीन परातींवर सहा हात पडायचे आणि त्यांचा ठेका कधी जुळायचा, कधी मोडायचा. बाहेर लॉऱ्यांचे हॉर्न, कंडक्टरांच्या आरोळ्या, आत हा ठेका. आजही कुठं भाकरी थापल्याचा आवाज आला की मला भूक लागते, मग पोट भरलेलं असलं तरी. ताटात एक मऊ भाकरी, एक वाळवलेली कडक, भरली वांगी, शेंगाची चटणी, पुंडीची आंबट भाजी (अंबाडीला आमच्याकडं पुंडी म्हणतात) आणि दही. सोमवारी गव्हाची गुळातली खीर, तिला आम्ही हुग्गी म्हणतो. लॉरीवाले यायचे, बाजारचे व्यापारी यायचे, उदगीर-लातूरकडनं गाणगापूरला निघालेले यात्रेकरू यायचे. घरात आम्ही मराठी बोलायचो, गल्ल्यावर कन्नड आणि लॉरीवाल्यांशी जी जमेल ती भाषा.

अप्पा उंच होते आणि हळू बोलत. त्यांना ओरडताना मी कधी पाहिलं नाही, आणि म्हणूनच त्यांचा धाक जास्त वाटे. लिंगपूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी घ्यायचं नाही हा नेम आमच्यात पुष्कळ घरी असतो. आंघोळ करायची, कपाळाला विभूती लावायची, गळ्यातल्या डबीतलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी आणि बेल वाहून त्यावर नजर लावून बसायचं. मग तीर्थ, मग बाकी सगळं. यात जड असं काही नाही, मी अजून करते. पण अप्पांनी या नेमाला स्वतःची एक पुरवणी जोडली होती. ते म्हणत, माणूस निजून उठलं की त्याचा दिवस नवा, मग बाहेर उजाडलेलं असो की अंधार असो. म्हणजे रात्री झोप मोडली, घसा कोरडा पडला, तरी पूजेशिवाय पाणी नाही. लहान लेकरांना यातून सूट होती. दीक्षा झाली की सूट संपली. माझी दीक्षा नवव्या वर्षी झाली आणि रात्री कितीही तहान लागली तरी डोळे मिटून पडून राहायला मी आपोआप शिकले.

नीला माझ्याहून चार वर्षांनी लहान. गोल चेहऱ्याची, हट्टी आणि खादाड. भाकरीच्या टोपल्याशी बसून कडक भाकरीचे तुकडे मोडून खायची. अव्वा म्हणायची, "ह्या पोरीच्या तोंडाला उंदीर लागलाय." तिची दीक्षा झाली तेव्हा मठाचे अय्या, आमचे गुरू, घरी आले होते. नव्या चांदीच्या डबीवर ती इतकी खूश होती की दिवसभर तिनं परकराच्या नाडीऐवजी ती डबीच सावरली. आणि त्यानंतर दोन-तीन महिन्यांतच तिला रात्री जाग यायला लागली.

"अक्का, तहान लागलीय," ती माझ्या कानाशी म्हणायची. मी म्हणायची, गप नीज. ती थोडा वेळ गप पडायची, मग हुंदके द्यायची. तोंडात पांघरुणाचं टोक कोंबून रडायची, कारण अप्पा पलीकडंच निजलेले. एका रात्री तिनं माझा हात धरून आपल्या जिभेवर ठेवला. जीभ पापडासारखी कोरडी लागली. मला झोप अनावर झालेली, चीडही आलेली. मी म्हटलं, "मग ऊठ, आंघोळ कर, पूजा कर आन् पी. पूजा झाल्यावर कोण अडवतंय तुला?" मला वाटलं, थंडीचे दिवस, हौदाचं पाणी, पोरगी घाबरून निजेल. ती उठली. दार कुरकुरलं. परसात पाणी ओतल्याचा आवाज आला. मग ती दात वाजवत देवघरात जाऊन बसली, आणि थोड्या वेळानं घागरीत तांब्या बुडाल्याचा आवाज. एकदा, दोनदा, तीनदा, चारदा. परत येऊन माझ्या पांघरुणात शिरली तेव्हा तिचं अंग बर्फ होतं. "बरं वाटलं गं," ती म्हणाली आणि झोपून गेली.

असं पाच-सहा रात्री चाललं. मग अप्पांनी पाहिलं. मला जाग आली ती त्यांच्या हुंदक्यानं. देवघरात समई लावलेली, नीला ओल्या केसांनी पाठमोरी बसलेली, डावा हात छातीशी, मान जराशी एका बाजूला वळलेली, आणि तिच्या मागं दोन हात अंतरावर अप्पा गुडघ्यांवर बसून रडत होते. माझे अप्पा रडताना मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. पूजा संपल्यावर त्यांनी स्वतः तांब्या भरून तिच्या हातात दिला. तिनं तो एका दमात रिकामा केला, दुसरा मागितला. "बघ, तीर्थ कसं घ्यायलंय लेकरू," ते अव्वाला म्हणाले. अव्वा अंथरुणावर उठून बसली होती. ती काही बोलली नाही. मीही बोलले नाही. बोलले असते तर देवाच्या नावानं पाणी चोरायची युक्ती धाकट्या बहिणीला शिकवली म्हणून माझी काय गत झाली असती, या विचारानं मी पांघरूण डोक्यावर ओढलं.

दुसऱ्या दिवशी अप्पा अय्यांकडं गेले. अय्या आले, नीलाला पुढं बसवून विचारलं, "रातच्याला कोण उठवतंय गं तुला?" नीलानं माझ्याकडं बघितलं. मग ती खरं तेच म्हणाली, "कोणी न्हाई. आपोआप जाग येतीय." अय्यांनी डोळे मिटले. आपोआप, ते म्हणाले, हेच ते. ब्राह्ममुहूर्ताच्याही आधी ज्या लेकराला आपोआप जाग येते, त्याला वरनं बोलावणं आहे. या जन्मातलं नव्हे. अय्या मनानं वाईट नव्हते. मी त्यांना दोष देऊन मोकळी होणार नाही. त्यांना जे सांगितलं गेलं त्यावरून ते बोलले, आणि त्यांना अर्धंच सांगितलं गेलं होतं.

महिनाभरात खानावळीचं रूप पालटलं. आधी गल्लीतल्या बायका आल्या, मग बाजारपेठेतल्या. गाणगापूरचे यात्रेकरू जेवण झाल्यावर विचारायचे, "ते देवीचं लेकरू कुठाय?" नीलाला पाटावर बसवत. बायका तिच्या पायांवर डोकं ठेवत आणि पुढ्यात पेढे, खोबरं-साखर, गुळाचे खडे ठेवत. नीला ते खायची. तिला इतकी भूक लागायची की लोक उठून गेले की ती पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन संपवायची. आणि तरी वाळत चालली होती. गोल चेहऱ्याची हाडं दिसायला लागली, परकर कमरेवर ठरेना. लोक म्हणत, तपानं अंग झडतंय. रात्री ती आता तीनदा उठायची, तीनदा अंगावर पाणी घ्यायची, तीनदा पूजा. अप्पा सांगायचे, "त्रिकाळ चाललंय तिचं."

आणि मी? मलाही ते आवडत होतं, हे लिहिताना आज हात जड होतो. शाळेत मी कुणी नव्हते, आता मी नीलाची अक्का होते. बायका मला बाजूला घेऊन विचारत, उठताना ती काय बोलते, कशी दिसते. मी सांगायची की ती उठताना हसते. एकदा सांगितलं की देवघरात घंटेचा आवाज येतो. कुठली घंटा आणि कुठलं काय! ती उठताना रडायची, एका हातानं भिंत धरायची, कारण पायात गोळे यायचे तिच्या. हे मला ठाऊक होतं आणि मी हसण्याचं सांगत होते.

आमच्या खानावळीत सरकारी दवाखान्यातल्या एक सिस्टर जेवायला यायच्या. सुमनबाई. जनवाड्याच्या, बौद्ध घरातल्या. त्या काळात आमच्यासारख्यांच्या खानावळीत त्यांना आत बसवत नसत. अप्पांनी त्यांच्यासाठी बाहेर ओट्यावर एक बाक टाकला होता, ताटही वेगळं होतं आणि जेवण झाल्यावर ते ताट त्या परसात जाऊन स्वतः धुवायच्या. अप्पांना यात आपला मोठेपणा वाटे, की बघा, आम्ही नाही म्हणत नाही. मलाही तेव्हा त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आज वाटतं, आणि नुसतं वाटून काय उपयोग, हेही वाटतं. तर एके दुपारी सुमनबाई ताट धुता धुता थांबल्या. न्हाणीच्या मोरीपाशी काळ्या मुंग्यांची बोटभर जाड रांग लागलेली होती. मी तिथंच उभी होते. अव्वा रोज तिथं मूठभर पीठ टाकायची, मुंग्यांना घातलं की पुण्य लागतं म्हणून.

"इथं लघवीला कोण बसतं गं?" त्यांनी विचारलं.

"सगळेच," मी म्हटलं.

"रातच्याला कोणाला उठावं लागतंय?"

"नीलाला देव उठवतो."

त्यांच्या हातातलं ताट तसंच राहिलं. "पाणी किती पिती ती?" त्या माझ्या अगदी जवळ आल्या. "खरं सांग बाळ, मी कोणाला सांगत न्हाई. लई तहान लागती का तिला?"

मी म्हटलं, "न्हाई. नुसतं तीर्थ घेती." हे चार शब्द मी बोलले. तेरा वर्षांची होते, घाबरले होते, सगळं खरं आहे. तरी बोलले मीच.

माझ्या बोलण्यावर त्यांचा विश्वास बसला नाही. त्या तशाच बोळातनं पुढं गेल्या आणि ओट्यावरूनच गल्ल्यावरच्या अप्पांना हळूच म्हणाल्या, "अण्णा, रागावू नका. लेकराला एकदा दवाखान्यात आणा. लघवी तपासून बघू." अप्पांनी गल्ल्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, "लोक तिच्या पायाचं तीर्थ न्यायलेत, आन् तुमी तिची लघवी मागायलाव?" जेवणारे हसले. सुमनबाई नाही हसल्या. "उशीर करू नका," एवढंच त्या म्हणाल्या. अप्पांनी त्यांना उद्यापासून जेवण दुसरीकडं बघायला सांगितलं. ओट्यावरचा बाक संध्याकाळी आत घेतला गेला.

त्यानंतरच्या सोमवारी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. हुग्गीची दोन पातेली चुलीवर होती. नीला आदल्या रात्रीपासून पाटावरून उठली नव्हती, दोनदा ओकली होती. ती भिंतीला टेकून बसली होती आणि मोठमोठे श्वास घेत होती, धावून आल्यासारखे. डोळे अर्धे मिटलेले. एक म्हातारी तिच्या तोंडाजवळ वाकली आणि ओरडली, "वास बघा गं, वास! फळांचा वास यायलाय लेकराच्या मुखातनं!" बायका एकमेकींना ढकलत पुढं सरकल्या. जी ती वाकून हुंगायची आणि हात जोडायची. मीही वाकले. खरंच वास येत होता, फार पिकून गेलेल्या केळांचा असतो तसा. मी हाक मारली, "नीला." तिनं डोळे उघडले नाहीत. मी तिच्या दंडाला चिमटा काढला, जोरात, नख रुतेल असा. तिचं अंग हललं नाही. आणि आजूबाजूला सगळे आनंदानं नाव घेत होते. मला आजही कधी कधी ती खोली दिसते. तीस-चाळीस मोठी माणसं, एक लेकरू मरतंय आणि त्यांच्या डोळ्यांत आनंदाचं पाणी.

मी परसातनं पळाले. सरकारी दवाखान्याच्या मागं क्वार्टर होत्या, तिथं सुमनबाईंचं दार बडवलं आणि दारातच सगळं ओकून टाकलं. तहान, आंघोळ, मी शिकवलेली युक्ती, तीनदा उठणं, हसण्याचं खोटं, सगळं. फळांच्या वासाचं सांगितलं तेव्हा त्यांनी पायात चप्पलही घातली नाही. माझ्या पुढं पळत त्या आल्या आणि खानावळीच्या पुढच्या दारातून, जिथं त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं तिथून, जेवणाऱ्यांच्या मधनं, स्वयंपाकघरातनं थेट देवघरात शिरल्या. कुणीतरी "अगं अगं" म्हणालं. त्यांनी नीलाला उचललं. एवढी मोठी पोरगी, पण तिचं वजनच राहिलं नव्हतं. "गुलबर्ग्याला न्यायला पाहिजे, आत्ताच," त्या म्हणाल्या. "इथं हिचं औषध न्हाई. कोणाची गाडी हाय?"

अप्पा दारात आडवे उभे राहिले. मला वाटलं, आता संपलं सगळं. मी ओरडले, "अप्पा, तिला देव उठवत न्हाई! तिला तहान लागती! मी सांगितलं हुतं तिला, पूजा कर आन् पाणी पी म्हणून!" मी अप्पांच्या हातचा मार खायला तयार होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि दारातनं बाजूला झाले. कपाळावर एक आठी नाही. पुढं जेवत बसलेला एक लॉरीवाला भाकरी तशीच टाकून उठला आणि हात न धुता किल्ली घेऊन बाहेर धावला.

त्या लॉरीत पुढं ड्रायव्हर, अप्पा, मांडीवर नीलाला घेतलेल्या सुमनबाई आणि त्यांच्या पायाशी मी आणि अव्वा. रस्ता खराब, मागं हरभऱ्याची पोती. सुमनबाई सारख्या तिच्या नाकाशी बोट धरत होत्या. नीलाच्या श्वासाचा आवाज इंजिनाच्या आवाजातूनही ऐकू येत होता आणि मी तो मोजत होते, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. मध्येच अप्पांनी सुमनबाईंना विचारलं, "जगल का ओ?" त्या म्हणाल्या, "चार दिवस आधी विचारायचं हुतं, अण्णा."

दवाखान्यात तिला सुया टोचल्या, सलाईन लावलं, गळ्यातली डबी काढून तिथल्या सिस्टरनी अप्पांच्या हातात दिली. आमच्यात ती डबी मेल्यावरही काढत नाहीत. अप्पांनी ती मुठीत धरली आणि मूठ शर्टाच्या खिशात घातली. डॉक्टर तरुण होते, चष्म्याचे, कन्नड बोलणारे. साखरेचा आजार आहे, म्हणाले, लेकरांनाही होतो, आणि लेकरांना झाला की असा झपाट्यानं वाढतो. रक्तात साखर साचली की शरीर लघवीवाटे ती बाहेर टाकतं, म्हणून तहान, म्हणून रात्रीचं उठणं. मग कागद पुढं ओढून त्यांनी विचारलं, "रात्री किती वेळा उठायची?"

"तीन वेळा," अप्पा म्हणाले. सवयीनं पुढं काहीतरी म्हणणार होते, ते गिळलं.

"आणि पाणी किती प्यायची?"

अव्वा, जी चार माणसांत कधी बोलत नसे, ती भिंतीला टेकलेली पुढं आली. "एक घागर," ती म्हणाली. "रातच्याला एक घागर रिकामी करायलती. म्हणून मी निजायच्या आदी दोन भरून ठेवायलते." डॉक्टरांनी मान वर करून तिच्याकडं पाहिलं. मीही पाहिलं. म्हणजे अव्वाला ठाऊक होतं. रोज रात्री मी पांघरुणात जागी, ती तिच्या अंथरुणात जागी, आणि दोघी तांब्या बुडाल्याचे आवाज मोजत होतो. मी अप्पांकडं वळले, त्यांनाही असाच धक्का बसला असेल म्हणून. ते जमिनीकडं बघत होते. त्यांना धक्का बसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टरांनी नीलाच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं, नाडी पाहिली आणि म्हणाले, वाचली. जन्मभर रोज सुई घ्यावी लागेल, पण वाचली. जागी झाली की थोडं थोडं पाणी द्या. अव्वा तिथंच फरशीवर बसली आणि बसल्या बसल्या झोपली, दोन दिवस पाठ टेकली नव्हती तिनं. सुमनबाई पहाटेच्या गाडीनं ड्यूटीवर परत गेल्या होत्या. जाताना अप्पांनी त्यांना हात जोडले. त्यांनी ते पाहिलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून निघून गेल्या.

रात्री वॉर्डात मी खाटेच्या पायथ्याशी बसले होते, अप्पा उशाशी स्टुलावर. पलीकडं कुणाचं तरी तान्हं रडून थकलं होतं. दोनच्या सुमाराला नीलानं डोळे उघडले. एवढ्या महिन्यांची तिची ती वेळच होती. "तहान लागलीय," ती म्हणाली, अगदी बारीक आवाजात. अप्पांनी घाईनं गिलास भरला आणि तिची मान हातावर उचलून घेतली. तिचा हात गळ्याशी गेला. तिथं काही नव्हतं.

"पूजा न्हाई झाली," ती म्हणाली.

"असू दे," अप्पा म्हणाले. "आदी पाणी पी."

ती प्यायली. दोन घोट, मग थांबून दोन घोट. मग गिलासाच्या काठावरून तिनं अप्पांकडं बघितलं. दहा वर्षांची सुद्धा नव्हती ती.

"मग आदी कामून म्हणला न्हाईत असं?"

मला वाटलं, आता ते म्हणतील, मला ठाऊक नव्हतं गं. म्हटले असते तर मी विश्वास ठेवला असता, आम्ही सगळ्यांनीच ठेवला असता.

"मी रडलो त्या रातीच बघितलो हुतो," ते म्हणाले. "तू घागरीकडं बघायलतीस. लिंगाकडं न्हाई."

"मग?"

"लोक तुज्या पाया पडायलते, बाई. मला बरं वाटायलतं."

नीला त्यांच्याकडं बघत राहिली. रागानं नाही, रडूनही नाही. गणित चुकलं की पाटीकडं बघावं तशी. अप्पांनी पुन्हा गिलास भरला. तो तिच्या ओठांशी नेला. तिनं तो गिलास त्यांच्या हातातून काढून घेतला आणि पायथ्याशी, माझ्याकडं धरला.

"अक्का," ती म्हणाली, "तू दे."